ब्रोचची मागची बाजू : व्हायकिंग वसाहतींमधील पोशाख आणि ओळख

इ.स. ८७६ मध्ये हाफ्डान नावाच्या डॅनिश सरदाराने उत्तर इंग्लंडमधील नॉर्थम्ब्रियाची जमीन आपल्या माणसांना वाटून दिली आणि ती माणसे नांगर धरून पोट भरू लागली, अशी नोंद अँग्लो-सॅक्सन बखरीत, म्हणजे इंग्रजांच्या जुन्या वार्षिक बखरीत, आहे. पुढच्याच वर्षी मर्सिया या इंग्रज राज्याचा काही भाग आणि ८८० मध्ये ईस्ट अँग्लिया हे राज्य यांचीही अशीच वाटणी झाली. ८६५ मध्ये मोठे सैन्य घेऊन उतरलेले हे लोक पंधरा वर्षांच्या आत इंग्रज खेड्यांचे शेजारी झाले होते. साधारण त्याच काळात नॉर्वेकडची कुटुंबे ऑर्कनी बेटे, आयर्लंड आणि आइसलँड येथे वस्ती करत होती, तर स्वीडनकडचे व्यापारी आणि योद्धे पूर्वेकडील नद्यांच्या काठी, आजच्या रशिया आणि युक्रेनच्या प्रदेशात, स्थिरावत होते. स्कँडिनेव्हियातून, म्हणजे डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन या भागातून, या सर्व ठिकाणी गेलेली ही माणसे, ज्यांना आपण व्हायकिंग म्हणतो, साधारण सारखेच कपडे घालून निघाली होती. दोन-तीन पिढ्यांनंतर मात्र त्यांच्या वंशजांचे कपडे एकमेकांशी जुळेनासे झाले. असे का झाले आणि त्यावरून त्यांच्या स्वतःविषयीच्या समजुतीबद्दल काय सांगता येते, हे येथे पाहू.

प्रथम पुराव्याची अडचण समजून घेतली पाहिजे. लोकर, जवसाच्या धाग्याचे लिनन, कातडे आणि फर या चारही गोष्टी मातीत कुजतात. टिकतो तो धातू. समजा, हजार वर्षांनी कोणाला आपल्या एखाद्या गावातल्या सगळ्या साड्या नष्ट झालेल्या आणि पदराला लावायच्या पिना तेवढ्या शिल्लक राहिलेल्या आढळल्या, तर त्या पिनांच्या आकारावरून, त्या कुठे टोचल्या जात असाव्यात यावरून आणि त्यांना चिकटून राहिलेल्या चार-दोन धाग्यांवरून त्याला साडीची कल्पना करावी लागेल. व्हायकिंग काळातील पोशाखाचा अभ्यास बराचसा असाच चालतो. तांब्याच्या मिश्रधातूची वस्तू गंजू लागली की तिच्यातून निघणारे क्षार सूक्ष्मजीवांना वाढू देत नाहीत, आणि त्यामुळे ब्रोचच्या, म्हणजे कपडा अडकवायच्या शोभेच्या पिनेच्या, पोटाशी दबलेला कापडाचा बोटभर तुकडा कधी कधी हजार वर्षे टिकून राहतो. स्वीडनमधील बिर्का येथे एकोणिसाव्या शतकात सुमारे अकराशे कबरी उकरल्या गेल्या. तेथील स्त्रियांच्या पोशाखाची आज आपल्याला असलेली माहिती पुष्कळ अंशी अशा तुकड्यांमधूनच मिळालेली आहे.

या तुकड्यांवरून स्कँडिनेव्हियातील सुखवस्तू स्त्रीचा पोशाख ढोबळमानाने असा दिसतो. आत लिननचा लांब झगा असे आणि त्यावर बिनबाह्यांचा, खांद्यांवरून येणाऱ्या पट्ट्यांनी तोललेला लोकरीचा झगा असे. समोरच्या बाजूला, छातीच्या वरच्या भागात, या पट्ट्या दोन मोठ्या लंबगोल ब्रोचनी अडकवल्या जात. हे ब्रोच कासवाच्या पाठीसारखे फुगीर असत आणि नेहमी जोडीनेच वापरले जात. दोहोंच्या मध्ये काचेच्या किंवा अंबरच्या मण्यांची माळ लटके. याशिवाय वरून घेतलेल्या शालीसाठी तिसरा, लहान ब्रोच लागे आणि तो गोल किंवा तीन पाकळ्यांचा असे. इ.स. ९२१ मध्ये बगदादहून निघालेल्या इब्न फदलान या दूताने व्होल्गा नदीकाठी ज्या ‘रूस’ लोकांना (पूर्वेकडे स्थिरावलेल्या स्कँडिनेव्हियनांना) पाहिले, त्यांच्या स्त्रियांच्या छातीवर लोखंडी, तांब्याच्या, चांदीच्या किंवा सोन्याच्या डब्या असतात आणि त्या डबीवरून नवऱ्याची ऐपत कळते, असे त्याने लिहून ठेवले आहे. या डब्या म्हणजे लंबगोल ब्रोचच असावेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. परक्या माणसाच्या नजरेत प्रथम भरावी अशीच ती वस्तू होती.

आता इंग्लंडकडे वळू, कारण या विषयातील सर्वांत बोलका पुरावा तेथे आहे. तेथे लंबगोल ब्रोच फारच थोडे मिळतात. दक्षिण यॉर्कशरमधील अॅडविक-ले-स्ट्रीट येथे २००१ मध्ये एका स्त्रीच्या कबरीत त्यांची एक जोडी सापडली. जोडी म्हणायची एवढेच, कारण ते दोन ब्रोच एकमेकांशी जुळत नाहीत. त्या स्त्रीच्या दातांच्या रासायनिक तपासणीवरून तिचे बालपण नॉर्वेत, किंवा कदाचित स्कॉटलंडच्या ईशान्य भागात, गेले असावे असे दिसते. २००४ मध्ये कंब्रियातील कमव्हिटन येथे सहा कबरींची एक लहान दफनभूमी सापडली, आणि तिचा शोधही अशाच ब्रोचपासून सुरू झाला. पण अशी स्थळे बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. त्यामुळे बराच काळ असे मानले जाई की इंग्लंडमध्ये आलेले व्हायकिंग हे मुख्यतः पुरुष सैनिक होते, त्यांनी इंग्रज बायका केल्या आणि एका पिढीत ते तेथील समाजात विरघळून गेले.

हा समज बदलला तो हौशी लोकांच्या मेटल डिटेक्टरमुळे. शेतात सापडणाऱ्या लहान धातूच्या वस्तूंची नोंद करण्याची एक राष्ट्रीय योजना इंग्लंडमध्ये १९९७ पासून सुरू झाली, आणि नॉरफोक, सफोक, लिंकनशर या पूर्वेकडच्या परगण्यांतून स्कँडिनेव्हियन धाटणीचे लहान ब्रोच शेकड्यांनी नोंदले जाऊ लागले. पुरातत्त्वज्ञ जेन कर्शॉ यांनी अशा पाचशेहून अधिक ब्रोचचा एकत्रित अभ्यास करून तो २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. हे ब्रोच कबरींत ठेवलेले नव्हते. शेतात, वाटेवर, अंगणात काम करताना स्त्रियांच्या कपड्यांवरून ते गळून पडलेले होते. म्हणजे सणासुदीला किंवा अंत्यविधीसाठी राखून ठेवलेल्या वस्तूंपेक्षा रोजच्या वापरातल्या वस्तूंचा हा पुरावा आहे, आणि माझ्या मते त्याचे मोल एखाद्या श्रीमंत कबरीपेक्षा जास्त आहे.

या ब्रोचची मागची बाजू उलटून पाहिली की खरी गोष्ट उलगडू लागते. स्कँडिनेव्हियात बनलेला गोल ब्रोच बहुधा किंचित फुगीर, मागून पोकळ असतो. त्याची टाचणी दोन लहान कानांच्या मध्ये बसवलेली असते आणि शेजारी आणखी एक कडी असते, जिच्यात साखळी किंवा मण्यांची दोरी अडकवता येते. अँग्लो-सॅक्सन ब्रोच सपाट असतो, त्याची टाचणी एकाच कानाला जोडलेली असते आणि त्याला ती जादा कडी नसते, कारण इंग्रज स्त्री आपल्या सैल झग्यावर किंवा अंगावर घेतलेल्या वस्त्रावर एकच ब्रोच लावत असे आणि त्याला काही टांगत नसे. पूर्व इंग्लंडमधील शेतांत या दोन्ही प्रकारांच्या जोडीला एक तिसरा प्रकारही मोठ्या संख्येने मिळतो. त्याच्या दर्शनी भागावर गुंतलेल्या प्राण्यांची किंवा साखळीसारख्या गाठींची अस्सल स्कँडिनेव्हियन नक्षी असते, पण मागची रचना सपाट, एका कानाची, पूर्णपणे इंग्रजी असते. धातूही पुष्कळदा वेगळा असतो. पितळेसारख्या मिश्रधातूऐवजी स्वस्त, शिशाच्या मिश्रणाचे ब्रोच तेथे बनवले जात.

अशा ब्रोचचा अर्थ लावताना पुढची आणि मागची बाजू वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात, हे ध्यानात ठेवले पाहिजे. मागची बाजू कपड्याबद्दल सांगते. ज्या अर्थी टाचणी आणि बसण्याची रीत इंग्रजी आहे, त्या अर्थी खालचा कपडाही इंग्रजी शिवणीचा असणार. पट्ट्यांचा झगा गेला, त्याच्याबरोबर लंबगोल ब्रोचची गरजही संपली. पुढची बाजू मात्र पाहणाऱ्यासाठी असते, आणि तेथे घरची नक्षी टिकून राहिली. कपड्याची बेतणी बदलायला फारसे काही वाटले नाही, पण दहा पावलांवरून दिसणारी खूण बदलायची नव्हती. ती घालणारी स्त्री डेन्मार्कमध्ये जन्मलेली होती, तिची इंग्लंडमध्ये जन्मलेली नात होती, की नव्या सत्ताधाऱ्यांची फॅशन उचलणारी शेजारची इंग्रज बाई होती, हे ब्रोच सांगू शकत नाही. तरीही अस्सल स्कँडिनेव्हियन बनावटीचे, दोन कानांचे साधे आणि स्वस्त ब्रोचही तेथे पुष्कळ मिळतात. अशा वस्तू कोणी दूरदेशी व्यापारासाठी नेत नाही, त्या अंगावरूनच जातात. म्हणून स्त्रियाही मोठ्या संख्येने समुद्र ओलांडून आल्या असाव्यात, हा निष्कर्ष मला पटतो.

शहरांमधला पुरावा याहून वेगळ्या प्रकारचा आहे. यॉर्क येथे कॉपरगेट या रस्त्यावर १९७६ ते १९८१ या काळात झालेल्या उत्खननात ओल्या, प्राणवायू नसलेल्या थरांमुळे कापड आणि कातडेसुद्धा टिकून राहिलेले आढळले. त्यात रेशमी टोपी आहे, कातडी जोडे आहेत आणि एका सुईने फासे घालत विणलेला लोकरीचा एकुलता एक मोजाही आहे. या पद्धतीने विणलेली दुसरी वस्तू त्या काळच्या इंग्लंडमध्ये मिळालेली नाही, त्यामुळे तो मोजा स्कँडिनेव्हियातून आलेल्या कोणाच्या तरी पायातला असावा असे समजतात. रंगाऱ्यांनी टाकून दिलेल्या कचऱ्यात लाल रंगासाठीची मॅडर ही मंजिष्ठेच्या कुळातील वनस्पती मिळाली, आणि निळ्या रंगासाठीची वोड ही वनस्पतीही मिळाली. वोडमधील रंगद्रव्य आपल्या निळीतलेच असते. याखेरीज क्लबमॉस या बुटक्या वनस्पतीचे अवशेषही तेथे आहेत. आपल्याकडे जसा तुरटीचा उपयोग रंग पक्का करण्यासाठी होतो, तसा तिचा उपयोग होई. यॉर्कच्या परिसरात न उगवणारी ही वनस्पती स्कँडिनेव्हियातून आणली जात असावी. रंगाऱ्याच्या हाताला सवयीची असलेली सामग्री समुद्रापलीकडून मागवली जाणे, ही अंगावर न दिसणारी पण फार चिवट अशी ओळख आहे.

रेशमी टोपीबद्दल थोडे थांबून बोलले पाहिजे. तशाच टोप्या लिंकन आणि डब्लिन येथेही सापडल्या आहेत. रेशीम बायझंटाइन साम्राज्यातून किंवा त्याही पूर्वेकडून येत असे, आणि डोक्याला घट्ट बसणारी, हनुवटीखाली बांधायची ही टोपी स्कँडिनेव्हियातल्या जुन्या पोशाखात दिसत नाही. या तीन बंदरांमधील वसाहतकरी स्त्रियांनी घडवलेली ती नवी, शहरी रीत असावी. वसाहतकऱ्यांच्या कपड्यांत घरचे काय आणि स्थानिक काय एवढीच विभागणी करत बसले, तर अशा तिसऱ्या गोष्टी नजरेतून सुटतात.

पुरुषांविषयी मात्र लेखी टीकेवरच जास्त विसंबावे लागते. ७९३ मध्ये लिंडिसफार्नच्या मठावर हल्ला झाल्यानंतर अॅल्क्विन या विद्वान धर्मगुरूने नॉर्थम्ब्रियाच्या राजाला पत्र लिहून, ज्या मूर्तिपूजकांची दहशत बसली आहे त्यांच्याच दाढी-केसांची नक्कल तुम्ही करता, असे सुनावले होते. म्हणजे एकही वसाहत होण्यापूर्वीच केसांची फॅशन येऊन पोहोचली होती. इ.स. १००० च्या सुमारास लिहिलेल्या एका जुन्या इंग्रजी पत्रात एडवर्ड नावाच्या इंग्रजाला असेच बजावले आहे की मान उघडी टाकून आणि डोळ्यांवर केस आणून डॅनिश पद्धतीने राहणे हा आपल्या पूर्वजांचा अपमान आहे. तेराव्या शतकातील एक बखरकार तर तक्रार करतो की डेन लोक रोज केस विंचरत, दर शनिवारी अंघोळ करत, वारंवार कपडे बदलत आणि त्यामुळे इंग्रज स्त्रिया त्यांच्याकडे आकर्षित होत. दोन शतकांनंतर लिहिलेली ही कैफियत शब्दशः घेऊ नये, परंतु उत्खननांत शिंगांच्या फण्या विपुल मिळतात हेही खरे आहे.

ही ओळख केवळ हौसेची बाब नव्हती. १३ नोव्हेंबर १००२ रोजी राजा एथेलरेडने इंग्लंडमधील सर्व डॅनिश पुरुषांना मारण्याचा हुकूम दिला. ऑक्सफर्डमधील डेन लोकांनी चर्चमध्ये आश्रय घेतला तेव्हा चर्चच पेटवून देण्यात आले, असे राजाच्याच १००४ मधील सनदेत नमूद आहे. पहिल्या वाटणीनंतर सव्वाशे वर्षांनी ‘डेन’ कोणाला म्हणायचे, हे ठरवताना नाव, बोली आणि केसांची ठेवण यांना किती वजन आले असेल, याची कल्पना करता येते.

स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या किनाऱ्यांवर देवाणघेवाण उलट दिशेने झाली. अंगरखा किंवा घोंगडे खांद्यावर अडकवण्यासाठी डोक्याला हलती कडी असलेली टाचणी आयर्लंडमध्ये पूर्वीपासून वापरात होती. डब्लिनच्या नॉर्स, म्हणजे मूळच्या स्कँडिनेव्हियन, लोकांनी ती इतकी आपलीशी केली की ती पुढे त्यांच्याबरोबर आइसलँडपर्यंत गेली, आणि १९६८ मध्ये कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या लॉन्स-ओ-मेडोज या नॉर्स वस्तीतही ती मिळाली. तेथील लाकडे इ.स. १०२१ मध्ये तोडली गेली होती, हे अलीकडे निश्चित झाले आहे. अमेरिकेत नॉर्स लोक पोहोचल्याची साक्ष देणाऱ्या वस्तूंमध्ये मूळची आयरिश टाचणी असावी, ही मला या विषयातील सर्वांत मजेदार बाब वाटते. ऑर्कनीतील वेस्टनेस येथे तान्ह्या बाळासह पुरलेल्या एका स्त्रीजवळ लंबगोल ब्रोचची जोडी तर होतीच, शिवाय त्या वेळी शंभर वर्षांहून जुना झालेला एक सुंदर केल्टिक ब्रोचही होता. स्कॉटलंडमधील हंटरस्टन ब्रोच इ.स. ७०० च्या सुमारास घडवला गेला. दहाव्या शतकात त्याच्या मागे कोणीतरी रून या जुन्या उत्तर युरोपीय लिपीत आणि नॉर्स भाषेत ‘हा ब्रोच मेलब्रिग्डाचा’ असे कोरले. मेलब्रिग्डा हे नाव गेलिक, म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडमधील केल्टिक भाषेतले, आहे. दागिना केल्टिक, नाव गेलिक, भाषा आणि लिपी नॉर्स, अशा माणसाला नॉर्स म्हणायचे की गेलिक, हा प्रश्न आपल्याला पडतो. त्याला स्वतःला तो पडला असेलच असे नाही.

आइसलँडमध्ये परिस्थिती निराळी होती, कारण सुमारे ८७० ते ९३० या काळात वस्ती झाली तेव्हा तेथे नक्कल करावी असा मोठा शेजारी समाजच नव्हता. साहजिकच नॉर्वेकडचा पोशाख तेथे टिकला. परंतु तो कोणी घातला होता हे पाहिले की चित्र गुंतागुंतीचे होते. आनुवंशिक अभ्यासांनुसार आइसलँडच्या मूळ वसाहतकरी स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक ब्रिटिश बेटांतून आलेल्या होत्या आणि पुरुष मात्र बहुसंख्य नॉर्स होते. १९३८ मध्ये केटिल्स्स्टादिर येथे सापडलेल्या एका तरुण स्त्रीच्या अंगावर लंबगोल ब्रोच, तीन पाकळ्यांचा ब्रोच आणि निळ्या रंगात रंगवलेला पट्ट्यांचा झगा होता. तिचा जन्म आइसलँडमधला नव्हता. ती लहान वयात बाहेरून आली होती, असे तिच्या दातांवरून कळते. अशा स्त्रियांपैकी काही गुलाम म्हणून, काही पत्नी म्हणून आल्या असतील. त्यांतली जी घरची मालकीण झाली, तिने नॉर्स मालकिणीचा पोशाख घातला. तेथे पोशाख जन्मस्थानापेक्षा घरातला दर्जा अधिक सांगत होता.

आइसलँडच्या कायद्यात पुरुषाने स्त्रीचे किंवा स्त्रीने पुरुषाचे कपडे घालण्याला तीन वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा सांगितली आहे. तेराव्या शतकातील एका सागेत, म्हणजे आइसलँडच्या गद्य कथेत, बायको पुरुषी विजार घालते म्हणून नवरा घटस्फोट घेतो, आणि त्याच सागेत एक स्त्री नवऱ्याला मुद्दाम खोल गळ्याचा सदरा शिवून देते, जेणेकरून तो बायकी दिसावा आणि तिला घटस्फोट मागता यावा. ज्या समाजात राजा नव्हता आणि शेजारी परका नव्हता, तेथे कपड्यांनी आखलेली सर्वांत कडक सीमा स्त्री-पुरुषांमधली होती. कापड विणणे हे स्त्रियांचे काम होते. उभ्या मागावर, दगडी वजनांनी ताणलेल्या धाग्यांवर विणलेले लोकरीचे जाड कापड पुढे चलन म्हणूनच वापरले जाऊ लागले. आइसलँडच्या व्यापाऱ्यांनी आणलेली केसाळ लोकरी घोंगडी नॉर्वेत कोणी घेईना, तेव्हा राजा हाराल्डने एक मागून घेऊन अंगावर टाकले आणि मग सगळा माल हातोहात खपला, अशी कथा आहे. त्यावरून त्याला ‘करड्या घोंगड्याचा हाराल्ड’ हे नाव पडले. वसाहतीतला कपडा मूळ देशाची फॅशन बदलू शकत होता, एवढे ही कथा नक्की सांगते.

पूर्वेकडे बदल सर्वांत वेगाने झाला. ९११ मध्ये कीव्हच्या रूस राज्याने बायझंटाइन सम्राटाशी केलेल्या तहातील दूतांची नावे जवळपास सगळी स्कँडिनेव्हियन आहेत. ९७१ मध्ये डॅन्यूबच्या काठी सम्राट जॉन त्झिमिस्केसला भेटायला आलेल्या रूस राजाचे नाव स्व्यातोस्लाव म्हणजे स्लाव्ह होते. त्याचे वर्णन लिओ या बायझंटाइन इतिहासकाराने केले आहे. राजा स्वतः वल्हे मारत आला. अंगावर पांढरा साधा कपडा होता, आणि तो इतरांहून वेगळा दिसत होता तो केवळ स्वच्छतेमुळे. डोके तासलेले होते, एका बाजूला कुलीनपणाची खूण म्हणून बट राखलेली होती, आणि एका कानात दोन मोत्यांचे सोन्याचे कर्णभूषण होते. ही बट आणि हे कर्णभूषण स्टेप, म्हणजे गवताळ मैदानांच्या, प्रदेशातील घोडेस्वार टोळ्यांच्या रीतीचे होते. त्याच्या आईवडिलांची ओल्गा आणि इगोर ही नावे मात्र हेल्गा आणि इंग्वार या नॉर्स नावांवरून आलेली आहेत. गवताळ मैदानांवर ज्यांच्याशी लढायचे आणि ज्यांना बरोबर घ्यायचे, त्यांच्यात मान मिळवायचा तर त्यांच्यासारखे दिसणे उपयोगी होते.

ग्रीनलंडमध्ये याच्या नेमके उलट घडले. ९८५ च्या सुमारास आइसलँडहून तेथे गेलेल्या लोकांचे वंशज चार शतकांहून अधिक काळ तेथे राहिले, आणि १९२१ मध्ये हेर्योल्फ्सनेस येथील चर्चच्या आवारात त्यांचे कपडे गोठलेल्या जमिनीत जवळजवळ सबंध सापडले. लाकूड दुर्मीळ असल्याने शवपेटीऐवजी मृतांना वापरलेल्या कपड्यांत गुंडाळले जाई. हे कपडे व्हायकिंग काळानंतरचे, मुख्यतः चौदाव्या शतकाच्या आसपासचे आहेत. त्यांत त्या काळच्या युरोपात प्रचलित असलेले घेरदार झगे आहेत, आणि मागे लांब शेपटी लोंबणारी डोक्यावरची टोपडीही आहेत. हवामान थंड होत गेले तसे ग्रीनलंडच्या विणकर स्त्रियांनी आडवे धागे दाट ठोकून जास्त उबदार कापड विणायला सुरुवात केली. आहारात समुद्री अन्नाचा, विशेषतः सीलच्या मांसाचा, वाटा वाढत गेला, हे त्यांच्या हाडांवरून दिसते. त्याच किनाऱ्यावर आलेल्या इन्युइट या उत्तर ध्रुवाकडील शिकारी लोकांचा सीलच्या कातड्याचा पोशाख मात्र त्या कबरींमध्ये दिसत नाही. चर्चच्या जमिनीत पुरताना कोणते कपडे योग्य समजले जात, याचा हा परिणाम असू शकतो. शिकारीला जाताना त्यांनी कातडी अंगरखे घातलेच नसतील, असे या पुराव्यावरून म्हणता येणार नाही. पण निदान पाद्र्यासमोर आणि आप्तांसमोर त्यांना युरोपातले ख्रिस्ती शेतकरी म्हणूनच दिसायचे होते, आणि १४०८ मध्ये ह्वाल्सेच्या चर्चमध्ये झालेल्या विवाहाच्या, म्हणजे या वसाहतीविषयीच्या शेवटच्या लेखी नोंदीतही, ते तसेच दिसतात.